बंद लाईनवरून आलेला ईसीजी

या भुताखेतांच्या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टींखाली माझी कमेंट सापडेल – "आधी वायरिंग तपासा". लाईट आपोआप लागला? वायरिंग. रेडिओ स्वतःहून बोलला? वायरिंग. लोक चिडायचे, एकीने तर मला ब्लॉकच केलं होतं. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय हे पाहून कुणी हसलं तर हसू दे. मी चार वेळा लिहून पुसलं आहे... आता पुसत नाही.

मी अमळनेरला एका छोट्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. आमचं ऑफिस धुळे रोडला, एका ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर. आमची फायबर तापी ओलांडून चोपड्याला जाते आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पसरते. माझं माहेर त्याच टोकाला आहे. गावाचं नाव देत नाही, पण केळीच्या बागा मागे पडून रस्ता चढाला लागतो तिथलंच ते समजा. गावात मोबाईलचा टॉवर एकच, आणि तोही आमच्याच फायबरवर चालतो. म्हणजे चोपड्याचा आमचा राउटर पडला की गाव जगापासून तुटतं. नेट नाही आणि फोनही नाही.

गावात एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथे ईसीजीचं मशीन आहे. सुनंदा सिस्टर ईसीजी काढतात, तो आमच्या लाईनवरून धुळ्याच्या हार्टच्या डॉक्टर मॅडमना जातो, त्या वाचून काय द्यायचं ते कळवतात. ही लाईन मीच जोडली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता. आबांना – माझ्या वडिलांना – त्याहून जास्त. पारावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की धुळ्याचा डॉक्टर आमच्या पोरीच्या तारेवरून छाती तपासतो.

आता थोडं कंटाळवाणं सांगते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. राउटर म्हणजे एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलर धरा. प्रत्येक गाडीची चिठ्ठी बघायची आणि कुठे जायचं ते सांगायचं. राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी अशी खोट निघते की एखादी विचित्र चिठ्ठी, म्हणजे वेडंवाकडं पॅकेट, हातात पडलं की या कंट्रोलरला चक्करच येते. राउटर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. सुरू झाल्यावर तसंच पॅकेट परत आलं की परत आडवा. मुद्दाम कुणी अशी पॅकेटं पाठवत राहिला तर अख्ख्या भागाची सेवा बंद पाडता येते. आमच्या राउटरमध्ये अशी खोट असल्याचं कंपनीने कळवलं होतं, नवीन सॉफ्टवेअरही दिलं होतं. पण ते टाकायला लाईन बंद ठेवावी लागते आणि आमचे मालक, अण्णा, म्हणाले, "आखाजी होऊन जाऊ दे. लेकी माहेरी आलेल्या, पोरं सुरतेला. व्हिडिओ कॉल बंद पडले तर लोक मला शिव्या घालतील." अण्णांना देवाइतकीच भीती गिऱ्हाइकांच्या फोनची वाटते.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी लेक सासरी राहत नाही. मला मात्र ड्युटी लागली होती, कारण बाकीचे सगळे सुट्टीवर. आईने दोन दिवस अबोला धरला होता. आबा एवढंच म्हणाले की, झोका बांधून ठेवतो, संध्याकाळी ये.

सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा चोपड्याचा राउटर पडलेला होता. तो उठला, मी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो परत पडला. मग दर काही मिनिटांनी तेच; गावचा टॉवर जागा व्हायच्या आधीच तो आडवा. गोपाळभाऊ – आमचे चोपड्याचे टेक्निशियन, आबांच्याच ओळखीतले – त्यांना पत्त्यांच्या डावावरून उठवून राउटरच्या खोलीत पाठवलं. वीज ठीक होती, पंखे ठीक होते. पडताना राउटर एक छोटी नोंद मागे ठेवतो, शेवटचं पॅकेट आणि ते कुठून आलं त्याची. ती मी मोबाईल सिमच्या वेगळ्या रस्त्याने बघितली.

प्रत्येक वेळी पत्ता एकच होता. आमच्या गावच्या दवाखान्यातलं ईसीजी मशीन.

मला रागच आला. मशीनमध्ये व्हायरस शिरला असणार असं धरलं आणि त्या पत्त्याला राउटरवर बंदी घातली. काही उपयोग झाला नाही. ती खोटच अशी होती की बंदी तपासायच्या आधीच राउटर पडत होता. आता उपाय एकच, नवीन सॉफ्टवेअर. अण्णांनी फोनवर तीनदा "टाक, टाक, टाक" म्हटलं. गोपाळभाऊ पेनड्राईव्ह घेऊन तयार उभे होते. मी त्यांना सुरू करा म्हणणार, तेवढ्यात धुळ्याहून डॉक्टर मॅडमचा फोन आला.

"तुमच्या त्या दवाखान्यात फोन लागत नाहीये," त्या घाईघाईत म्हणाल्या. "आत्ता ईसीजी आलाय. मोठा अटॅक आहे. सिस्टरला ताबडतोब सांगायचंय, इंजेक्शन तिथेच ठेवलेलं असतं."

मी म्हटलं, "मॅडम, तिकडून काही येणं शक्य नाही. लाईन सकाळपासून बंद आहे."

"माझ्यासमोर आहे हो तो. वामन दौलत, वय एकसष्ट."

माझ्या वडिलांचं नाव वामन आहे आणि आजोबांचं दौलत. गावात दुसरे वामन दौलत नाहीत.

मी विचारलं, त्यावर वेळ काय आहे? त्या म्हणाल्या, आजचीच तारीख, एक वाजून दहा मिनिटं. मी भिंतीवर पाहिलं. अजून अकराही वाजले नव्हते. मॅडमनीही घड्याळ बघितलं असावं, कारण त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मशीनचं घड्याळ चुकलं असेल. वेळेचं सोडा, माणूस बघा." त्यांनी ईसीजीचा फोटो आणि काय काय द्यायचं ते मला पाठवून दिलं.

आता माझ्यापुढे काय होतं ते नीट सांगते, कारण नंतर लोकांनी मला याच गोष्टीसाठी वेड्यात काढलं. चोपड्यात माझ्या हाताशी माणूस एकच, गोपाळभाऊ. त्यांनी सॉफ्टवेअर टाकलं तर तासाभराने, सगळं सुरळीत झालं तर, गावाचा फोन सुरू होणार. ते मोटरसायकलवर गावाला गेले तर त्याच्या निम्म्या वेळात पोचणार, पण अख्खा भाग तोवर बंद. चोपड्यातला माझा मामेभाऊ फोन उचलत नव्हता. आणि मी हे सगळं कशाच्या भरवशावर ठरवणार होते? जो ईसीजी येऊच शकत नाही, त्याच्या. दुसरं कुणी मला हे सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी गोपाळभाऊंना सांगितलं, राउटर सोडा, आमच्या घरी जा, आबांना दवाखान्यात न्या. फोटो आणि मॅडमची औषधं त्यांच्या फोनवर पाठवली. ते म्हणाले, "ताई, अण्णा मला फाडून खातील." म्हटलं अण्णांना मी बघते. आणि ते गाडीला किक मारत असताना मी आणखी एक वाक्य बोलले... ते माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, काही झालं तरी एक वाजून जाईपर्यंत त्यांना तिथून हलवू नका."

ते चोपड्याच्या बाहेर पडले आणि त्यांच्या फोनची रेंज गेली.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. अण्णांचा फोन आला. गोपाळ कुठे आहे, सॉफ्टवेअरचं काय झालं, सुरतहून त्यांच्या साडूचा मुलगा किती वेळा फोन करतोय... मी म्हटलं, गोपाळभाऊ माझ्या कामाला गेलेत. त्यांनी विचारलं, तुझ्या कसल्या कामाला? मी फोन ठेवून दिला. नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी अण्णांचा फोन पहिल्यांदाच ठेवला. मग मोबाईलवरचा तो फोटो उघडला. मला ईसीजीतलं काही कळत नाही. गुलाबी चौकटींवर काळी रेघ, मधेच एका ठिकाणी ती रेघ वेडीवाकडी उसळलेली, जसा कुणी धक्का दिला असावा. वर आबांचं नाव. मी ते नाव वाचत बसले होते. समोरच्या स्क्रीनवर राउटर पडत होता आणि उठत होता आणि पडत होता.

तिकडे काय झालं ते मला गोपाळभाऊंनी आणि नंतर आईने सांगितलं.

गोपाळभाऊ पोचले तेव्हा आबा घागरीसमोर बसलेले होते. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर पूजतात, मग आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर पुरणपोळी-रसाचा घास, आणि मगच घरातले जेवतात. सकाळपासून आबांच्या छातीत जळजळत होतं. आईने ठरवून टाकलं होतं की काल रस जास्त झाला. आखाजीला छातीत जळजळलं तर आमच्याकडे दुसरं काही कुणाच्या मनात येतच नाही; ओवा दिला जातो आणि माणसाला हसतात.

गोपाळभाऊ म्हणाले, आबा, दवाखान्यात चला. आबांनी मान वर केली नाही. "आगारी टाकाशिवाय मी उठाव नही, गोपाळ. वरीसमा एक दिन बापनं नाव लेस."

इथे गोपाळभाऊंनी डोकं चालवलं. त्या माणसाला मी जन्मभर विसरणार नाही. अटॅकचं नाव काढलं असतं तर आबा हसले असते आणि आई घाबरली असती. ते म्हणाले, "आबा, ताईनं काम अडकेल शे. मशीननी लाईन तपासनी शे, त्यावर कोनी तरी निजनं पडस."

"मंग आगोदर काबर नही सांगं?" आबांनी आगारी टाकली, हात जोडले आणि उठून पायात चपला घातल्या. आई म्हणाली, "ताट वाढेल शे, दोन घास खाई ल्या."

"ईसन खासू. पोरनं काम शे."

म्हणजे माझे वडील त्या दिवशी आजारी म्हणून दवाखान्यात गेले नाहीत. ते माझी लाईन तपासायला गेले.

दवाखाना सुट्टीमुळे बंद होता. सुनंदा सिस्टर मागेच राहतात, त्यांनी येऊन कुलूप काढलं. मशीनवर कापड झाकलेलं होतं आणि त्याची पिन भिंतीतून काढून ठेवलेली होती. हे मी त्यांना नंतर पुन्हा पुन्हा विचारलं. आदल्या संध्याकाळपासून मशीन बंद. पिन काढलेली. त्यांनी मशीन लावलं, घड्याळ बघितलं – बरोबर होतं – आणि आबांचा ईसीजी काढला.

तो अगदी नॉर्मल आला.

सिस्टर म्हणाल्या, काही नाही, घरी जा, जेवा. आबा उठायला लागले. गोपाळभाऊ म्हणाले, आबा, ताईने सांगितलंय, लाईन अजून तपासायची आहे, पडून राहा. आबा परत निजले. त्यांनी कंटाळून कुरकुर केली नाही, हे मला राहून राहून आठवतं. मधूनमधून विचारत राहिले, "लाईन चालू व्हयनी का?" गोपाळभाऊ म्हणत राहिले, नाही अजून. आणि ते स्वतः सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

एक वाजून गेल्यावर आबा बोलता बोलता थांबले. कपाळावर घाम आला. म्हणाले, "गोपाळ, छातीमा कसं तरी व्हई राह्यनं." सिस्टरनी धावत येऊन परत ईसीजी लावला. कागद बाहेर येत असताना आबांनी डावा हात उचलून गोपाळभाऊंचं मनगट घट्ट पकडलं, आणि रेघ तिथे उसळली. सिस्टर कागदाकडे बघत राहिल्या. गोपाळभाऊंनी खिशातून फोन काढून फोटो त्यांच्यासमोर धरला. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "हा तर तोच आहे." उसळलेली रेघसुद्धा तीच, त्याच जागी. वेळही तीच.

त्यांनी पाठवायचं बटण दाबलं. मशीनने सांगितलं, पाठवता आला नाही. पण मॅडमच्या सूचना फोनवर होत्याच. गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, ट्रस्टची गाडी दारात आणली.

आणि इकडे माझ्या स्क्रीनवर राउटर उठला तो उठलेलाच राहिला. मी काही केलं नव्हतं. नवीन सॉफ्टवेअर अजून गोपाळभाऊंच्या खिशात होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तो पडला नाही. गावचा टॉवर सुरू झाला आणि पहिला फोन माझाच वाजला. गोपाळभाऊ रडत होते. मला आधी वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "ताई, नाक्यावर उभी राहा. गाडी तिकडूनच धुळ्याला जाते."

अमळनेरच्या नाक्यावर मी गाडीत चढले. आबा स्ट्रेचरवर होते, तोंडावर ऑक्सिजन. मला पाहून त्यांनी तो मास्क बाजूला केला. मी म्हटलं, आबा, बोलू नका. ते म्हणाले, "तुन्ही लाईन चालू व्हयनी का?"

मी म्हटलं, झाली आबा. आणि मग मी त्या गाडीत इतकी रडले की सिस्टरनी मलाच पाणी दिलं.

आबा वाचले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या की इंजेक्शनला थोडा जरी उशीर झाला असता तरी अवघड होतं, आणि घरी जेवायला बसले असते तर कुणी रसावर ढकललं असतं. मी त्यांना दोन्ही ईसीजी शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मला सकाळी आला तो मी पाहिला आणि फोन केला. एवढंच मला माहीत आहे." त्यांच्या कॉम्प्युटरवर तो आल्याची नोंद सकाळचीच आहे. दुपारचा ईसीजी त्यांच्याकडे कधी आलाच नाही. एकच आला.

मी माझ्या परीने सगळं केलं. राउटर पडतानाच्या सगळ्या नोंदी काढल्या. प्रत्येक वेळचं शेवटचं पॅकेट उघडून पाहिलं तर बहुतेक कचरा होता, पण मधेमधे वाचता येईल असा तुकडा – वामन दौलत, आणि पुढे दुपारची वेळ. सकाळपासून प्रत्येक पॅकेटमध्ये तेच. जे पॅकेट राउटरला गिळता येत नव्हतं, ज्याने अख्खा भाग बंद पाडला, ते अजून काढलाच न गेलेला ईसीजी होता, आणि तो पिन काढलेल्या मशीनमधून निघत होता. राउटरच्या कंपनीच्या बंगलोरच्या इंजिनिअरला पाठवलं. त्याने उत्तर दिलं की फाईल खराब झालेली दिसते. एका मित्राचं म्हणणं, कुणीतरी हॅकरने खोटा पत्ता वापरला असेल. असेलही. पण त्या हॅकरला माझे आबा हात कधी उचलणार ते कसं माहीत? मी स्वतः अजून वायरिंग शोधतेय. सापडलेलं नाही.

खरं तर इथेच थांबणार होते. पण एक गोष्ट राहिली, आणि ती गेले काही दिवस मला झोपू देत नाही.

आखाजीनंतर आम्ही नवीन सॉफ्टवेअर टाकलं. टाकावंच लागलं, कारण तीच खोट वापरून कुणी टवाळ पोरगाही सगळं बंद पाडू शकला असता. आता तो राउटर पडत नाही. अण्णा खूश आहेत. नवीन सॉफ्टवेअर अशी वेडीवाकडी पॅकेटं आली की त्यांच्याशी झटापट करत नाही, गुपचूप टाकून देतं. आत काय होतं, कुठून आलं, काही ठेवत नाही. फक्त टाकून दिलेल्यांचा एक आकडा ठेवतं. तो शून्य असतो. मी रोज सकाळी ऑफिस उघडलं की आधी तो बघते.

परवा तो एकने वाढलेला दिसला. मी लगेच घरी फोन लावला. आबांनीच उचलला, झोक्यावर सुट्टीला आलेल्या नातीला बसवून झोके देत होते, मागे तिचं हसणं ऐकू येत होतं. तब्येत ठीक, जेवण ठीक, गोळ्या घेतल्या. मी बरं म्हणून फोन ठेवला, आणि मग तो हातात धरून तशीच बसून राहिले. त्या राउटरवर कितीतरी गावं आहेत, आणि पुढचा फोन कुणाच्या घरी लावायचा ते मला माहीत नव्हतं.